कलम चार: पालक म्हणजे कोण

माझ्या निरोपसमारंभात एका वक्त्यानं सांगितलं की देशकर सरांनी या नव्या राज्याला मानकं दिली. टाळ्या झाल्या. मानकं म्हणजे काय हे त्या वक्त्याला ठाऊक नव्हतं, टाळ्या वाजवणाऱ्यांनाही नव्हतं. घरी आल्यावर शालीची घडी करता करता बायकोनं विचारलं, "येवढी वर्सं तुमी नक्की काय करून राहिले होते?" तिलाही मी कधी धड सांगितलं नव्हतं. रायपूरच्या आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात रेल्वेतले, वीज खात्यातले, कचेरीतले लोक आपापल्या नोकरीतल्या गमती लिहितात. माझ्या नोकरीतही गमती होत्या. त्या आधी सांगून टाकतो, कारण नंतरचं सांगायला मला जड जाणार आहे.

आमच्या कामाचं नाव कुटुंब साक्षरता. नाव भारदस्त आहे, काम साधं. निरक्षर आई किंवा बाप आणि त्यांचं पाच-सात वर्षांचं मूल, दोघांनी एकाच वर्गात यायचं. पहिला तास दोघं वेगवेगळे बसतात. आई अक्षरं गिरवते, पोर खेळत खेळत तेच करते. दुसरा तास दोघं एकत्र, एकच पुस्तक मांडीवर. कधी आई वाचते, कधी पोर, आणि दोघांनाही जे येत नाही ते दीदी वाचून दाखवते. वर्ग चालवणाऱ्या बाईला आपल्याकडे दीदीच म्हणतात, मग ती साठीची का असेना. यामागचा विचार असा की आईला वाचता आलं तर पोराचं वाचणं सुटत नाही, आणि पोर सोबत असलं की आई लाजून घरी बसत नाही. हा विचार मला तेव्हाही पटत होता आणि आजही पटतो. माझं भांडण विचाराशी नाही.

वर्ग नीट चालतो की नुसता कागदावर चालतो हे ठरवायला मोजमाप लागतं. दूधवाल्याच्या दुधात पाणी किती हे बघायची काचेची नळी असते, तशी आमची मानकं. जागा कशी हवी, पुस्तकं किती हवीत, आई-मूल महिन्यातून किती दिवस आले पाहिजेत, दीदीनं काय करावं आणि काय करू नये, सगळं कलमवार लिहिलेलं. मूल्यांकन करणारा माणूस छापील तक्ता घेऊन जातो, कलमामागून कलम गुण देतो आणि शेवटी बेरीज करतो. बेरीज कमी भरली तर वर्गाची मान्यता जाते. मान्यता गेली की दीदीचं मानधन थांबतं, पाट्या-पुस्तकांची पेटी परत जाते आणि वर्ग संपतो. ती मानकं लिहिणारा मी होतो आणि तक्ता घेऊन जाणाराही मीच.

छत्तीसगढ राज्य नवीन होतं. रायपूर रातोरात राजधानी झालेलं, आणि कचेऱ्यांना जागा मिळत नव्हत्या. आमची कचेरी शंकरनगरात एका भाड्याच्या दुमजली घरात थाटली होती. मालकाच्या न्हाणीघरात आम्ही फायली ठेवायचो आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर टंकलेखक बसायचा. तिथं आम्ही पाच जणांनी मानकं लिहिली. समोर कुठल्याशा थंड देशातल्या पुस्तिकेची छायाप्रत होती. तिच्यात लिहिलं होतं की पालकानं मुलाला रोज झोपताना अंथरुणात गोष्ट वाचून दाखवावी आणि घरात मुलांची किमान दहा पुस्तकं असावीत. आमच्यातल्या एकानं अंथरुणाचं कलम काढून टाकलं, कारण आईपाशी चार पोरं एकाच गोधडीत असतात, वाचायला दिवा कुठं धरणार. पुस्तकांचं कलम मात्र राहिलं.

त्याची गंमत अशी झाली. एका वस्तीत मी घरभेटीला गेलो. पहिल्या घरात दहा पुस्तकं, दुसऱ्यात दहा, तिसऱ्यात दहा. मला वस्तीचं कौतुक वाटायला लागलं. चौथ्या घरात कोंबडीपालनावरचं एक पुस्तक हाती आलं, कव्हर अर्धं फाटलेलं, मागच्या पानावर कुणाच्या तरी हिशेबाची आकडेमोड. हे पुस्तक मी पहिल्या घरातही पाहिलं होतं. मी समोरच्या दारानं बाहेर पडलो की तीच दहा पुस्तकं मागच्या दारानं पुढच्या घरी पोहोचत होती. चौथ्या घरची बाई धापा टाकत होती, बिचारी. मी हसलो आणि चारही घरांना पूर्ण गुण दिले. पुस्तकं धावत होती म्हणजे वस्तीला त्यांची किंमत होती, असा मी तेव्हा मनाशी अर्थ लावला. सोबत कुणी नसलं की मी फार दिलदार असायचो.

आणखी एक गृहस्थ आठवतात. कुठल्याशा गोदामावर रात्रपाळीचे चौकीदार. वडिलांची उपस्थिती हे आमचं एक कलम होतं आणि वडील काही केल्या वर्गाला यायचे नाहीत. हे मात्र रोज यायचे, कारण वर्गात पंखा होता आणि यांना दिवसा झोपायला जागा हवी होती. भिंतीला टेकून खुशाल घोरायचे. लेक शेजारी बसून वाचायची. ती अडखळून थांबली की यांचे डोळे मिटलेलेच, पण तोंडातून निघायचं, "फिर?" लेक पुढचं वाचायची. त्यांना मी कसे गुण द्यावेत यावर कचेरीत दोन दिवस खल झाला. शेवटी दिले. "फिर" म्हणजे सहभाग, असं मीच समितीला पटवून दिलं.

आता कलम चारकडे येतो.

कलम चार मी एकट्यानं लिहिलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता. सुरुवातीला खोटे वर्ग फार निघाले. एका ठिकाणी तर तीच सहा पोरं सोमवारी एका वर्गाची, मंगळवारी दुसऱ्या वर्गाची, बुधवारी तिसऱ्याची. शेजारच्या बायका आई म्हणून बसवलेल्या. मूल्यांकनवाले गेले की बायका आपल्या घरी, पोरं आपल्या घरी. हे बंद करायला मी लिहिलं की पालक म्हणजे मुलाची जन्मदाती आई, जन्मदाते वडील किंवा कायद्यानं नेमलेले पालक, इतर कुणाचीही उपस्थिती धरली जाणार नाही. समितीतले एक म्हातारे निवृत्त गुरुजी म्हणाले, "आजी आली तर?" मी म्हटलं, आजी आली तर उद्या मावशी येईल आणि परवा भाड्याची बाई येईल. कलम तसंच राहिलं. तपासणीसाठी मी पुढं असंही घातलं की सोबतच्या पालकाला मुलाचं नाव, वय आणि आईचं नाव तोंडी विचारावं. मुलाला विचारू नये, कारण पोरांना पढवून ठेवतात. दीदीनं मध्ये बोलू नये, कारण तिचा त्यात स्वार्थ असतो. सगळी छिद्रं मी अशी एकेक करून बुजवली.

बीरगावचा वर्ग अनुसया वानखेडे चालवायच्या. मूळच्या यवतमाळकडच्या, नवरा जवळच्या उरला भागातल्या कारखान्यात होता, तो वारल्यावर इथंच राहिलेल्या. बीरगाव म्हणजे कारखान्यांना लागून असलेली कामगारांची वस्ती. घराघरातली बाई कुठल्या ना कुठल्या शेडमध्ये कामाला. वानखेडे दीदींचा वर्ग भरायचा एका पारातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, सामुदायिक खोलीत, दुपारी तीन वाजता. मी तिथं दोनदा सहज डोकावलो होतो. खोलीला दार नव्हतं, तरी तीन ते पाच कुणी बाहेर जात नव्हतं. इतका जिवंत वर्ग मी पुढं कुठं पाहिला नाही, हे मी इथं साफ लिहून ठेवतो.

त्यांची अडचण पाळीची होती. कारखान्यात एक आठवडा सकाळची पाळी, एक आठवडा दुपारची. दुपारच्या आठवड्यात आई तीन वाजता कामावर. म्हणजे महिन्यातला अर्धा वर्ग बुडाला, पोराचाही आणि आईचाही. यावर तोडगा वर्गातल्या बायकांनीच काढला. केजा आणि बिसाहिन अशा दोघी होत्या, एकाच कारखान्यात गोण्या शिवायच्या, उलट्या पाळीला. राखीच्या दुसऱ्या दिवशी भोजली विसर्जनाला त्या दोघींनी एकमेकींच्या कानात भोजली खोचली.

आपल्या पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांसाठी सांगतो. छत्तीसगढमध्ये श्रावणात अंधारात गहू पेरून पिवळे कोंब वाढवतात, तीच भोजली. विसर्जनाच्या वेळी दोन मैत्रिणींनी ती एकमेकींच्या कानावर खोचली की त्या जन्मभराच्या मितानिन झाल्या (पुरुष असतील तर मितान); यालाच भोजली बदणं म्हणतात. ही मैत्री रक्ताच्या नात्याच्या वरची. हिचं पोर ते तिचं पोर, हिच्या घरचं सुतक ते तिच्या घरचं सुतक. आणि त्या दिवसापासून दोघींनी एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. हाक मारायची ती 'भोजली' म्हणून. नाव घेतलं तर पाप लागतं, अशी श्रद्धा.

तर केजा दुपारच्या पाळीला असली की तिच्या सरितेला बिसाहिन घेऊन यायची, आपल्या पोरासोबत. पुढच्या आठवड्यात उलट. दोघींचंही शिकणं चालू, दोघींच्याही पोरांचं चालू. ते बघून वानखेडे दीदींनी इतर बायकांना सांगितलं, बदा तुम्हीही. हजेरीपटात त्या दिवशी जी आली तिच्या नावापुढं त्या 'आई' लिहायच्या. त्यात लपवाछपवी काही नव्हती. सरितेच्या ओळीत एका आठवड्यात केजा, दुसऱ्या आठवड्यात बिसाहिन, असं उघड्यावर लिहिलेलं होतं.

मूल्यांकनाच्या दिवशी दिल्लीहून एक पाहुण्या बाई आमच्या सोबत होत्या. आमची मानकं इतर राज्यांना दाखवायच्या लायकीची आहेत का, हे बघायला आलेल्या. आदल्या दिवशी मी त्यांना कचेरीत कलम चार वाचून दाखवलं होतं. "बहुत कड़ा है, अच्छा है," असं त्या म्हणाल्या होत्या. त्या शब्दांवर मी रात्रभर तरंगत होतो.

वर्गात बाईंनी हजेरीपट उघडला आणि दोन मिनिटांत बोट ठेवलं. "देशकर जी, इस बच्ची की दो माँ कैसे हैं?"

केजा त्या दिवशी कामावर होती. सरिता बिसाहिनच्या मांडीला रेलून बसली होती, डाव्या हातानं पाटीवर मासा काढत. मी तक्ता उघडला आणि नियमाप्रमाणे बिसाहिनला विचारायला लागलो. मुलीचं नाव? सांगितलं. वय? सांगितलं, कोणत्या पावसात झाली तेही सांगितलं. काय खाते, डाव्या हातानं का लिहिते, मागच्या महिन्यात ताप आला तेव्हा कुठल्या दवाखान्यात नेलं, न विचारलेलंही सांगितलं. पोरीच्या केसांवरून तिचा हात सारखा फिरत होता.

"माँ का नाम?"

"मोर भोजली के नोनी आय, सर." माझ्या भोजलीची लेक आहे.

"नाम बताओ."

तिनं मान खाली घातली. पदर ओढला. मी पुन्हा विचारलं. 

पाहुण्या बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इसे तो माँ का नाम भी नहीं मालूम."

वानखेडे दीदी कोपऱ्यातून उठल्या. त्या माझ्याशी नेहमी मराठीतच बोलायच्या. "सर, ते नाव नाही घेत. भोजली बदली हाये त्याइनं. तुमाले तं माहीतच असन न."

मी त्यांना हिंदीत उत्तर दिलं. "दीदी, आप बीच में मत बोलिए."

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. मला माहीत होतं. ती मान खाली गेली त्याच क्षणी मला कळलं होतं. माझी आई वर्ध्याहून लग्न होऊन रायपूरला आली तेव्हा शेजारच्या साहू काकूंशी तिनं गंगाजल बदलं होतं. तीही तीच रीत, फक्त भोजलीच्या जागी गंगेचं पाणी. आई त्यांना जन्मभर 'गंगाजल' म्हणूनच हाक मारत राहिली. मला काकूंचं खरं नाव मी मॅट्रिक झाल्यावर कळलं, तेही त्यांच्या रेशनकार्डावर वाचून. आई टायफॉईडनं दोन महिने पडून होती तेव्हा मला न्हाऊ-माखू घालून शाळेत पाठवणारी बाई तीच. माझ्या कलम चारप्रमाणे ती माझी कुणीच लागत नव्हती.

बिसाहिननं काय केलं ते ऐका. तिनं सरितेच्या हातातली पाटी घेतली. ओल्या बोटानं मासा पुसला. खडू घेतला आणि हळूहळू, ओठ दाबून, लिहिलं. क ला मात्रा दिली, ती थोडी पुढं सरकली. मग जा. केजा. वरची रेघ सगळ्यात शेवटी मारली, दीदींनी शिकवली तशी. आणि पाटी तिनं माझ्यापुढं धरली. बाईंपुढं नाही, माझ्यापुढं. 

चार महिन्यांपूर्वी या बाईला खडू कसा धरायचा ते येत नव्हतं. आमचा सगळा खटाटोप, ती समिती, ती पेटी, ते मानधन, हे एका बाईनं एक शब्द लिहावा म्हणूनच होतं ना? तो शब्द माझ्यासमोर होता. गिरवलेला नव्हता, फळ्यावरून उतरवलेला नव्हता. गरज पडली म्हणून तिनं तो स्वतःहून लिहिला होता.

पाहुण्या बाई हजेरीपटाची पानं उलटत होत्या. वर न बघता त्यांनी विचारलं, "कुछ बताया?"

मी म्हटलं, "नहीं."

सांगितलं नव्हतंच ना तोंडानं. कलमात 'तोंडी' असं लिहिलेलं. मी 'हो' म्हटलं असतं तर मग समजावून सांगावं लागलं असतं. समजावलं असतं तर बाईंनी विचारलं असतं की असं आहे तर तुमचं कलम चुकलं की काय. कालच ज्याला त्यांनी अच्छा म्हटलं ते कलम. मला ते विचारलं जायला नको होतं. एवढंच कारण, यापेक्षा मोठं काही नाही. कुणाचा दबाव नव्हता, कुणाचा फोन आला नव्हता. तक्त्यात मी लिहिलं, सोबतची प्रौढ व्यक्ती मुलीच्या आईचं नाव सांगू शकली नाही, उपस्थिती संशयास्पद. वाचन-लेखनाच्या रकान्यात लिहिलं, तपासता आलं नाही. तोवर सरितेनं पाटी ओढून घेतली होती आणि फ्रॉकच्या कोपऱ्यानं पुसून पुन्हा मासा काढायला घेतला होता.

कलम चारमध्ये शून्य पडलं की बेरीज भरतच नाही. महिनाभरात मान्यता गेली. जीप पेटी घेऊन आली. वानखेडे दीदी शंकरनगरला कचेरीत आल्या, आमच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर दुपारभर बसून राहिल्या. मी त्यांना अपील करायला सांगितलं. त्यांनी केलं, दोन पानं, सुवाच्य अक्षरात, भोजलीची सगळी रीत समजावून. अपील ज्या टेबलावर येतं ते टेबल माझंच होतं. मी त्यावर 'नियमानुसार कारवाई योग्य' लिहिलं आणि खाली सही केली. अक्षर माझंही सुवाच्य आहे.

पुढं वर्षं गेली. राज्यानं आपल्या गावोगावच्या आरोग्यसेविकांचंच नाव मितानिन ठेवलं, आणि कचेरीत माझ्यासमोर कुणी तो शब्द काढला की मी दुसरा विषय काढायचो. मी बढती घेत राहिलो. प्रशिक्षणांना जायचो, नव्या मूल्यांकनकर्त्यांना शिकवायचो. तिथं बीरगावची ही गोष्ट मी पुष्कळ वेळा सांगितली आहे. सांगताना म्हणायचो, "बघा, आम्हाला स्थानिक रीत माहीत नव्हती, म्हणून एक चांगला वर्ग आमच्या हातून गेला. तुम्ही आधी लोक समजून घ्या." पोरं वहीत लिहून घ्यायची. एकदा एक मुलगी चहाच्या वेळी येऊन म्हणाली, "सर, आपने कितनी ईमानदारी से अपनी गलती बताई." मी तिला थँक्यू म्हटलं.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी मानकांची नवी आवृत्ती निघाली. कलम चार मी बदललं. पालक म्हणजे मुलाची रोजची काळजी घेणारी कुणीही प्रौढ व्यक्ती, मितान-मितानिन धरून. हे शब्द मी मुद्दाम घातले. ओळख तोंडी, लेखी किंवा कशीही पटवून देता येईल, हेही घातलं. पुस्तिका छापून आली तेव्हा मी एक प्रत घेऊन बीरगावला गेलो. इतक्या वर्षांनी काय मनात होतं देव जाणे. बहुतेक शाबासकीच हवी होती.

वानखेडे दीदी त्याच घरात होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी मला ओळखलं, खुर्ची दिली. पुस्तिका डोळ्यांजवळ धरून कलम चार सगळं वाचलं, बोट ठेवून.

"चांगलं लिहिलं," त्या म्हणाल्या. "आता वर्ग कुठी हाये पन इथं?"

मी म्हटलं, नवीन सुरू करता येईल, तुम्ही अर्ज द्या.

"माही उमर पाहा, सर." त्यांनी पुस्तिका मिटली. "एक विचारू? तिनं त्या दिवशी पाटीवर लिहिलं होतं. तुमी वाचलं होतं न?"

प्रशिक्षणातली गोष्ट जिभेवर आली होती. ती मी गिळली. "वाचलं होतं," मी म्हटलं.

"मले वाटलंच होतं." एवढं बोलून त्यांनी पुस्तिका मला परत दिली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, "बिसाहिनले मी लई समजावलं. ते काही ऐकाले तयार नाही. ते म्हने, दीदी, हे माह्यामुळंच झालं. मी भोजलीचं नाव काढलं, तोंडानं नाही तं हातानं काढलं, म्हनून वर्ग गेला. केजाच्या पाया पडून रडली ते. केजानं तिले पोटाशी धरलं, म्हने काही नाही होत भोजली. पन हिच्या मनातून जाईना. त्या दिवसापासून तिनं खडू हातात धरला नाही, सर. पेन्सिलही नाही. पोराच्या शाळेत सहीसाठी बलावलं तं अंगठा देऊन आली. म्हने लिहिनं मले फळत नाही."

मी विचारलं, ती आता कुठं आहे?

"अभनपूरच्या तिकडं, नवऱ्याच्या गावाले. शेतीत हाये. केजा हर साल भोजलीले तिच्याकडे जाते." त्यांनी गावाचं नाव सांगितलं, घर कुठं तेही सांगितलं, तळ्याच्या वरच्या अंगाला. मी ते पुस्तिकेच्याच मागच्या पानावर लिहून घेतलं. निघताना त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "तुमी सांगतलं तं ते मानन. माह्यावर तिचा इस्वास नाही, तुमच्यावर हाये. तुमी सायेब न."

म्हणजे एक बाई गेली कित्येक वर्षं असं समजून जगते आहे की तिनं अक्षर लिहिलं म्हणून तिचा आणि दहा-बारा जणींचा वर्ग बुडाला. आणि ते खोटं आहे हे तिला सांगू शकेल असा माणूस एकच, तो मी. तिनं पाप केलं नव्हतं. तिनं जे लिहिलं ते अगदी बरोबर होतं, मात्रेसकट. एवढंच सांगायचं आहे. दोन वाक्यं.

हा लेख इथपर्यंत लिहून झाल्यावर मी बायकोला वाचायला दिला. तिला हे सगळं पहिल्यांदाच कळत होतं. वाचून झाल्यावर तिनं चष्मा काढून पानांवर ठेवला. मग म्हणाली, "हे तुमी मराठीत काहून लिहिलं? मंडळाचे लोक वाचतीन, चांगलं लिहिलं म्हनतीन. तिले कोन वाचून दाखवन?"

मी म्हटलं, जाणार आहे मी.

"कवा?"

बीरगावहून येऊन मला दोन वर्षं झाली. अभनपूरची बस आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर मिळते, तासाभरात पोहोचवते. थंडी पडू दे, मग जाऊ, असं मी बायकोला सांगितलं. मागच्या वर्षीही मी स्वतःला हेच सांगितलं होतं.